आत सरका

गेल्या गणपतीत मावशीकडे दादरला जेवायला गेलो होतो. पानं वाढायची वेळ झाली तरी मावसभाऊ आलेला नव्हता. अंधेरीला मित्राच्या गणपतीला जाऊन परत निघाला होता आणि माहीम कॉजवेवर अडकला होता. आम्ही बदलापूरहून येऊन, हातपाय धुऊन, आरती आटोपून, दोनदा चहा घेऊन बसलेलो. शेवटी दादा आला, गाडीची किल्ली टीव्हीशेजारी फेकली आणि बसता बसता म्हणाला, "ह्या बाहेरच्या गाड्यांनी मुंबईचं वाटोळं केलंय. लंडनसारखे पैसे लावले पाहिजेत आत यायला."

वहिनी म्हणाली, "अहो, हे लोक बाहेरूनच आलेत."

"ह्यांचं कुठे म्हणतोय मी! हे ट्रेनने येतात."

मी मोदकाचं नाक मोडून त्यात तूप ओतत होते. काही बोलले नाही. पण "हे ट्रेनने येतात" हे वाक्य घरी पोहोचेपर्यंत डोक्यातून गेलं नाही. त्यात कौतुक होतं की कीव, ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही बाहेरचे झालो १९९४ साली. त्याआधी काळाचौकीला चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. वडील छापखान्यात कंपोझिटर. आसपासच्या गिरण्या थंडावल्या तशी गिरण्यांची छापायची कामंही आटली, आणि त्यातच खोलीची पागडी घेऊन मोकळं व्हायची संधी आली. त्या पैशांत दादर-परळला न्हाणीघरही मिळालं नसतं. ठाणे, डोंबिवली, कल्याण असं बोट सरकत सरकत जिथे पैसे पुरले तिथे थांबलं. बदलापूरला वन रूम किचन मिळालं, वर गॅलरी. आईला त्या गॅलरीचं इतकं अप्रूप की पहिले दोन महिने ती भाजी तिथेच बसून निवडायची. वडिलांची नोकरी मात्र मुंबईतच राहिली. सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते अंतर रोज दोनदा कापलं, आणि आता मी कापते. मावशीचं नशीब म्हणा, तिच्या सासऱ्यांची जागा दादरला होती. इमारत पाडून टॉवर झाला. दादाला दोन गाड्या ठेवायची जागा मिळाली. तिसरी खाली रस्त्यावर उभी असते, फुकट.

आमच्या सकाळच्या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं.

बदलापूरहूनच सुटणारी लोकल म्हणजे बसायला मिळत असणार, असं दादाला वाटतं. गाडी फलाटावर येते तीच भरलेली. अंबरनाथ, उल्हासनगरच्या बायका उलट्या दिशेने बदलापूरपर्यंत बसून येतात आणि तशाच बसून राहतात. ह्याला रिटर्न येणं म्हणतात, आणि त्यावरून दर महिन्याला एक तरी जोरदार भांडण होतं. मग उरते चौथी सीट. तिघींच्या बाकावर चौथीने टेकायचं, म्हणजे एक मांडी बाकावर, दुसरी हवेत, एक पाय वाटेत रोवलेला आणि समोरच्या उभ्या बाईची पर्स नाकाशी. चौथ्या सीटवरून तिसऱ्या सीटवर सरकणं ही आमच्याकडची बढती. "कुठे उतरणार?" हा प्रश्न दिवसातून पहिला विचारला जातो, आणि कुणी "घाटकोपर" म्हणालं की ती जागा तिथल्या तिथे पुढच्या तिघींत नंबरवार लागते.

डोंबिवली आली की दाराशी खरा खेळ सुरू होतो. खालून आवाज येतो, "आत सरका ना हो, आत जागा आहे!" आतून उत्तर जातं, "कुठे सरकू, खिडकीतून बाहेर पडू?" आणि मग दारातली कुणीतरी ते ठेवणीतलं वाक्य म्हणते: "मागून रिकामी येतेय." मध्य रेल्वेवर मागून रिकामी आलेली गाडी मी तीस वर्षांत पाहिलेली नाही. तरी मीही ते म्हटलंय. दारात उभं राहून, खालच्या मुलीच्या डोळ्यांत बघून म्हटलंय.

गंमत पुढे आहे. आमची गाडी चुकली आणि कर्जतहून येणारी पकडायची वेळ आली, की आम्ही बाहेरच्या होतो. नेरळ, शेलू, वांगणीच्या बायका दारातूनच बजावतात, "तुमची बदलापूर आहे ना, तिने या की." तेव्हा मला त्यांचा भयंकर राग येतो. पुढचं स्टेशन येईपर्यंत मी आत पोचलेली असते आणि अंबरनाथला चढणाऱ्यांकडे त्याच नजरेने बघत असते. दादाचा राग मला पूर्ण कळतो तो त्यामुळेच. तोही आत आहे आणि त्याला वाटतंय की खालून लोटणाऱ्यांनी मागच्या गाडीने यावं.

गर्दीवर पैसे लावणं म्हणजे काय हे आम्हा बदलापूरकरांना लंडनला न जाता माहीत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकल काढून त्या वेळांना एसी लोकल सोडल्या. गाडी तीच, वेळ तीच, फलाट तोच. फक्त पास कितीतरी महाग. ज्याला परवडेल त्याला ऐसपैस जागा आणि गार हवा, बाकीच्यांनी आधीच फुगलेल्या पुढच्या गाडीत घुसायचं. कळव्याला आणि बदलापूरला लोक रस्त्यावर, म्हणजे रुळांवर आणि स्टेशन मास्तरांच्या दालनासमोर उतरले. आठवड्याभरात मध्य रेल्वेने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. आमच्या डब्यात त्या दिवशी पेढे वाटले. एसीच्या विरोधात कुणीच नव्हतं हो. मे महिन्यात त्या डब्यात बसायला कुणाला नको आहे? जास्तीची म्हणून आणली असती तर आम्हीच तिला हार घातला असता. साधी काढून आणली, म्हणून भडका उडाला. तो फरक त्या वेळी टीव्हीवरच्या चर्चेत फार कुणाला कळला नाही. "प्रवाशांना सुधारणा नकोत," असं एक गृहस्थ टाय लावून सांगत होते.

दाराचंही तसंच. ९ जून २०२५ ला, सोमवारी सकाळी, दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर कर्जतहून येणाऱ्या आणि कसाऱ्याकडे जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. आमच्या गाडीच्या आगेमागेच ते घडलं. त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी विचारपूस केली आणि मी "बरी आहे, बरी आहे" म्हणत राहिले. संध्याकाळी गाडी त्या वळणावर आली तेव्हा डब्यात कुणी बोललं नाही, एकीने फक्त दाराशी उभ्या मुलीला दंडाला धरून आत ओढलं. मग जाहीर झालं की साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं बसवणार. बसवायलाच हवीत. पण दार बंद झालं की लटकणारी माणसं फलाटावर राहतील, आणि फलाटावर राहिलेल्यांना साडेनऊचं मस्टर आहे. पुढची गाडी तीन मिनिटांनी आली तर दार म्हणजे सुरक्षा. ती पंधरा मिनिटांनी आणि तशीच भरून आली, तर त्या दाराने फक्त एवढंच ठरवलं की आज कुणाचा पगार कापायचा.

तर दादाचं लंडन. जेवताना गप्प बसल्याचा माझा राग मला वाचायला लावतो. पुढचे पंधरा दिवस चौथ्या सीटवर एका हाताने मोबाईल धरून मी हेच वाचत होते.

लंडनने मध्यभागात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं ते १७ फेब्रुवारी २००३ ला. दिवसाला ५ पौंड, आता ते १८ वर गेलंय. महापौर होते केन लिव्हिंग्स्टन. दादाला हे माहीत होतं. त्याला जे माहीत नव्हतं ते असं की त्याच दिवशी लंडनच्या रस्त्यांवर ३०० जादा बस उतरल्या, आणि शुल्कातून उरलेला पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा हे कायद्यातच लिहिलेलं होतं. अर्थात तिथेही एक मेख आहे. त्या हद्दीच्या आत राहणाऱ्यांना सुरुवातीपासून ९० टक्के सवलत होती. म्हणजे आत राहणाऱ्याने आतच गाडी फिरवली तर दशमांश, आणि बाहेरून आलेल्याने पूर्ण. हे वाचलं आणि मला दादा डोळ्यांसमोर दिसला, किल्ली फिरवत.

मला खरी गोष्ट सापडली ती स्टॉकहोमची. तिथे त्यांनी आधी बस आणल्या. ऑगस्ट २००५ मध्ये उपनगरांतून शहरात येणाऱ्या नव्या जलद फेऱ्या आणि त्यांच्यासाठी सुमारे २०० बसगाड्या. कर लागला त्यानंतर चार महिन्यांनी, ३ जानेवारी २००६ ला, तोही सात महिन्यांच्या प्रयोगापुरता. शहराच्या वेशीवर १८ ठिकाणी कॅमेरे. गाडी थांबवायची नाही, नंबरप्लेट टिपली जाते आणि पैसे नंतर भरायचे. वेळेनुसार १०, १५ किंवा २० क्रोनर, दिवसाला जास्तीत जास्त ६०. आत येताना जेवढे, बाहेर जाताना तेवढेच, त्यामुळे आतला माणूस सकाळी बाहेर पडला तरी त्याचीही पावती फाटते. ३१ जुलैला प्रयोग संपला, कॅमेरे बंद झाले, गाड्या पुन्हा वाढल्या. लोकांनी दोन्ही बघितलं आणि मग सप्टेंबरात मतदान झालं. ही पद्धत मला फार आवडली. आधी वाढून दाखवा, मग ताट काढून घ्या, मग विचारा.

शहरातल्या लोकांनी हो म्हटलं, निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांनी. पण शेजारच्या ज्या गावांनी आपापलं मतदान घेतलं, त्यांची मिळून बेरीज नाही अशी आली. ती मतं कुणावर बंधनकारक नव्हती. २००७ च्या ऑगस्टपासून कर कायमचा झाला, आणि त्यातला पैसा पुढे गेला रस्ते बांधायला. म्हणजे स्वीडनमध्येसुद्धा, जिथे सगळं मापात असतं असं आपण ऐकतो, तिथेही बाहेरच्यांचं मत वहीत लिहून ठेवण्यापुरतं. त्यांच्याकडे एक मजेशीर अडचणही आली होती: नगरपालिकेला आपल्या हद्दीबाहेरच्या माणसावर कर बसवता येत नाही, म्हणून तो देशाचा कर आहे असं कायद्यात लिहावं लागलं.

इथवर वाचून माझा विजय झाला होता. मावशीकडे कोजागरीला जायचं आणि सगळं ऐकवायचं, असं मनात पक्कं होतं. तेवढ्यात त्याच वाचनात एक गोष्ट आडवी आली. त्या आधीच्या चार महिन्यांत, म्हणजे नुसत्या बस वाढवल्या होत्या आणि कर नव्हता तेव्हा, रस्त्यावरच्या गाड्या काही कमी झाल्या नव्हत्या. जानेवारीत कर लागला आणि लगेच सुमारे पाचवा हिस्सा गाड्या गायब. बस समोर उभी असली तरी गाडीवाला आपणहून गाडी सोडत नाही. त्याला टोचावंच लागतं.

मला हे कबूल करायला दोन दिवस लागले. आमच्या डब्यातलं सर्वांत लाडकं मत आहे की आधी गाड्या वाढवा, बाकी सगळं आपोआप होईल. ते आपोआप होत नाही. माझ्या ओळखीत एकानेही मेट्रो सुरू झाली म्हणून गाडी विकलेली नाही. भुयारी मेट्रोची ॲक्वा लाईन आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावायला लागली, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तेव्हा दादाने एकदा त्यातून जाऊन सेल्फी काढला. फार छान आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी गाडीने गेला.

मग मँचेस्टर आठवतं. तिथे २००८ च्या डिसेंबरात लोकांना विचारलं: गर्दीचं शुल्क मान्य करा, त्याबदल्यात अब्जावधी पौंडांच्या ट्राम आणि बस देतो, बऱ्याचशा तर शुल्क सुरू व्हायच्या आधी. ७९ टक्के लोक नाही म्हणाले. वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं. "देतो" ह्या शब्दावर आपला तरी कुठे विश्वास आहे?

आता आपल्याकडे. मुंबईत हे शुल्क लावावं अशी चर्चा अधूनमधून उठते आणि पावसाळ्यातल्या छत्रीसारखी मिटून ठेवली जाते. समजा उद्या लावलंच. कुणाला बसेल?

मी एकदा एक उद्योग केला. दादर टीटीहून बसमध्ये बसले होते आणि बस अर्धा तास जागची हलत नव्हती. खिडकीतून दिसणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेट मोजल्या. चाळीस खाजगी गाड्या मोजून झाल्यावर बस सुटली. एमएच ०१, ०२, ०३, ४७ म्हणजे मुंबईच्याच निघाल्या एकतीस. ठाण्याच्या ०४ पाच, नवी मुंबईच्या ४३ तीन. आमच्या कल्याण आरटीओची, ०५ ची, एक. ती पण टेम्पो होती, तिला खाजगी म्हणायचं का हा प्रश्नच आहे. ह्याला कुणी संशोधन म्हणू नये, एका बाईने कंटाळून केलेली मोजणी आहे. पण बाहेरच्यांनी वाटोळं केलं असं म्हणणाऱ्याने एकदा अशी बसच्या खिडकीत बसून मोजणी करावी. बाहेरचे बहुतेक रुळांवर असतात. मुंबईच्या लोकलमधून दिवसाला सत्तर लाखांच्या वर प्रवास होतात, आणि रुळांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, काही रूळ ओलांडताना, काही गाडीतून पडून. गर्दीचं शुल्क म्हणायचं तर हे आहे, आणि ते आम्ही भरतोय.

पैसे कुणाच्या हातात जातील, हा त्याहून अवघड प्रश्न. रस्ता महापालिकेचा किंवा एमएमआरडीएचा, बस बेस्टची, लोकल केंद्र सरकारची आणि आम्ही कुळगाव-बदलापूर नगर परिषदेचे. मुंबईच्या वेशीवर गोळा झालेला रुपया कल्याणच्या पलीकडे यायला कोणत्या खिडकीवर अर्ज करायचा? कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका, १४ किलोमीटर, ही एमयूटीपी तीन-अ ह्या मुंबईच्या रेल्वे योजनेत मार्च २०१९ ला मंजूर झाली, खर्च साधारण दीड हजार कोटी. अजून काम चालू आहे. गाडीतून मला रोज दिसतं: मातीचा भराव, सळ्या वर आलेले खांब, मग काहीच नाही, मग पुन्हा भराव. आमच्याकडे दोनच रूळ आहेत, एक जायचा आणि एक यायचा. त्यावरून लोकल, कोल्हापूर-पुण्याच्या एक्सप्रेस आणि मालगाड्या. एखादी मालगाडी वांगणीच्या पुढे बसली की तिच्यामागे सगळा कर्जत पट्टा बसतो. त्या दीड हजार कोटींच्या जवळपास नऊपट पैसे घालून मरीन ड्राइव्हपासून वांद्रे-वरळी सी लिंकपर्यंत कोस्टल रोड झाला. त्यावरून जायला टोल नाही. सुंदर रस्ता आहे, दादा मला एकदा त्यावरून फिरवून आणणार आहे.

बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांहून जास्त बस होत्या, आता तीन हजारसुद्धा नाहीत. मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचाचं दहा झालं. शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहिलं की ह्या दोन वाक्यांचा अर्थ कळतो.

म्हणून माझं मत, विचारलंय कुणी नाही तरी. शुल्क लावा. आत राहणाऱ्यालाही लावा, सवलत-बिवलत काही नको, रस्त्यावर उभी असलेली तिसरी गाडीही मोजा. पण स्टॉकहोमच्या क्रमाने. आधी आमचे नवे दोन रूळ सुरू करा, पंधरा डब्यांच्या गाड्या बदलापूर-आसनगावपर्यंत भरपूर सोडा, मग कॅमेरे लावा. आणि पहिल्या दिवशी जमा झालेला पैसा कुठल्या फलाटावर खर्च झाला ते त्या फलाटावर पाटी लावून सांगा. हे मी कोजागरीला दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तोपर्यंत मी रिटायर होईन." बरोबरच आहे त्याचं. मीही होईन.

एक गोष्ट मात्र त्याला सांगितली नाही. मुंबईत शिरायला पैसे मोजावे लागत होते, अगदी परवापरवापर्यंत, आणि मीही ते मोजलेत.

२०२४ च्या मे महिन्यात आईची परळच्या एका इस्पितळात ट्रीटमेंट सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी जायचं. पहिल्या वेळी ट्रेननेच नेलं, अपंगांच्या डब्यातून. कॅन्सरच्या पेशंटला त्यात चढता येतं. जाताना जमलं. येताना दादरच्या पुलावर अर्ध्या जिन्यात ती खाली बसली. तिच्या दोन्ही बाजूंनी संध्याकाळचे लोक उतरत होते, पाण्यात दगड असावा तसे तिला वळसा घालून. कुणी धक्का दिला नाही, एका मुलाने बिसलेरीची बाटलीही दिली. पण ती म्हणाली, "आता ह्यापुढे नको गं."

मग रिक्षा स्टँडवरच्या ओळखीतून एक इको मिळाली. ड्रायव्हरचा आकडा ठरलेला, आणि त्यापुढे त्याचे दोन शब्द: टोल वेगळा. पहाटे साडेचारला निघायचं. काटई नाका, शीळफाटा, महापे, ऐरोलीचा पूल. पूल संपला की टोलनाका, ४५ रुपये. एक ऑक्टोबर २०२३ ला चाळीसचे पंचेचाळीस झाले होते. मुंबईच्या पाच वेशींवर हे नाके होते: दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि वाशी. शहरात उड्डाणपूल बांधले त्याचा खर्च वसूल करायला सुरू झालेले, आणि वीस वर्षांहून जास्त चाललेले. त्याला कुणी गर्दीचं शुल्क म्हटलं नाही. त्याने गर्दी कमी झाली नाही, उलट नाक्यावरच पाऊण पाऊण तास रांग. आणि त्यातला एक रुपयाही आमच्या रुळांकडे आला नाही, तो येण्यासाठी नव्हताच. पहाटे त्या रांगेत आमच्या पुढेमागे कोण असायचं, ते मी बघत बसायचे. भाजीचे टेम्पो. मागच्या सीटवर उशी घेऊन आडवं झालेलं कुणीतरी, आमच्यासारखंच. विमानतळाकडे निघालेल्या टॅक्सी. पहाटे पाचला हौसेने गाडी घेऊन मुंबईत शिरणारा माणूस मला तिथे दिसला नाही.

टोलचे पैसे आई द्यायची. एवढा खर्च मी करतेय म्हणून निदान एवढं तरी आपलं, असं काहीतरी तिच्या मनात. शीळफाटा आला की ती झिपच्या पाकिटातून वीसच्या दोन नोटा आणि पाचचं नाणं काढून मुठीत धरायची, नाका येईपर्यंत. केमोनंतर तिच्या बोटांना मुंग्या यायच्या, नाणं निसटायचं, मग ती अंधारात पायाशी चाचपडायची. मी घे म्हटलं तरी द्यायची नाही.

१४ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने ठरवलं आणि त्याच मध्यरात्रीपासून लहान गाड्यांना पाचही नाक्यांवर टोल माफ झाला. दुसऱ्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. दादाने ग्रुपवर फटाके टाकले.

आमची पुढची तारीख त्याच महिन्याच्या शेवटी होती. मी आईला सांगायची विसरले. ऐरोलीचा पूल उतरलो, नाका समोर दिसला आणि इको न थांबता तशीच सरळ निघाली. आईने मूठ पुढे केलेली.

"अरे, टोल राहिला!"

"आजी, बंद झाला आता," ड्रायव्हर म्हणाला. "माफ केला."

ती मागे वळून काचेतून नाक्याकडे बघत राहिली. तिथे दिवे चालू होते, ट्रकांची रांग होती. मग म्हणाली, "मग इतके दिवस घेतलेले कुठे गेले?"

ड्रायव्हर हसला. मीही हसले. पूर्व द्रुतगती महामार्गावर आलो तरी तिची मूठ तशीच. कांजूरमार्गच्या आसपास तिने माझा हात ओढला, नोटा आणि नाणं माझ्या तळव्यावर ठेवलं आणि बोटं मिटवली.

"तुझ्या पासाला होतील," म्हणाली.

सोमवारी पासाच्या खिडकीवर क्लार्क सुट्यांवरून कुरकुरत होता. नाणं कामाला आलं.